शिलिंग गॅम्बिट: सातव्या चालीला मात देणारा कच्चा सापळा

नुकताच बुद्धिबळ शिकलेला खेळाडू पांढऱ्या बाजूने बसला की त्याच्या पहिल्या तीन चाली बहुतेक वेळा ठरलेल्या असतात. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, मग राजाकडचा घोडा, मग उंट. चाली उत्तम आहेत. आज आपण जो सापळा पटावर मांडणार आहोत तो नेमका याच तीन चालींवर बेतलेला आहे. काळा खेळाडू तिसऱ्या चालीला एक प्यादं उघडं टाकतो. पांढरा ते मारतो, लगेच आणखी एक मारतो, आणि सातव्या चालीला त्याच्या राजाला स्वतःच्याच मोहऱ्यांच्या गर्दीत हलायला जागा उरत नाही.

या सापळ्याचं नाव ब्लॅकबर्न शिलिंग गॅम्बिट. गॅम्बिट म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देऊ करणं. जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न हा इंग्लंडचा मोठा खेळाडू. १८४१ मध्ये मँचेस्टरला जन्मला, १९२४ मध्ये वारला. पटाकडे न पाहता एकाच वेळी अनेकांशी खेळण्यात तो तरबेज होता, आणि १८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेत त्याने पुढे जगज्जेता झालेल्या स्टाइनिट्झच्या बरोबरीने पहिलं स्थान मिळवलं होतं. बरोबरी सोडवण्याच्या टायब्रेकमध्ये तो हरला, ही गोष्ट वेगळी. त्या काळी लंडनच्या कॉफीगृहांत पैज लावून बुद्धिबळ चाले. ब्लॅकबर्न तिथे येणाऱ्या हौशी लोकांकडून एका डावाला एक शिलिंग या हिशेबाने या सापळ्यावर पैसे जिंकत असे, अशी आख्यायिका आहे. शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग. त्याने हा सापळा खेळल्याचा डाव मात्र नोंदलेला सापडत नाही. स्टाइनिट्झने १८९५ मध्ये या चालींची नोंद केली, आणि १९१२ मध्ये कलोन शहरात बोरिस्लाव कोस्टिच या सर्बियन खेळाडूने म्युलॉक नावाच्या प्रतिस्पर्ध्याला याच सापळ्यात अडकवून सात चालींत हरवलं. म्हणून काही जण याला कोस्टिच गॅम्बिट असंही म्हणतात. हा कोस्टिच साधा खेळाडू नव्हता. १९५० साली फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले, त्या पहिल्या यादीत त्याचं नाव आहे.

सापळा कच्चा आहे, हे आधीच स्पष्ट करतो. समोरच्याने योग्य उत्तर दिलं तर काळ्याची बाजू लंगडी पडते. तरीही प्रत्येक नवख्या खेळाडूने तो एकदा दोन्ही बाजूंनी खेळून पाहावा असं मला मनापासून वाटतं. खिळलेला उंट मारू शकत नाही म्हणजे काय, एफ७ आणि जी२ ही घरं इतकी नाजूक का, आणि फुकट मिळणारं प्यादं मारण्याआधी काय पाहायचं, हे तिन्ही धडे एका सात चालींच्या डावात इतक्या स्वच्छपणे क्वचितच मिळतात.

पट मांडा

खरा पट घ्या. डोक्यातल्या डोक्यात चाली फिरवू नका, नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. पांढऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे.

पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तर डावीकडून उजवीकडे उभ्या रांगांची नावं ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी आहेत. आडव्या रांगांना खालून वर १ ते ८ असे क्रमांक. पांढरा राजा ई१ वर उभा असतो, काळा ई८ वर. प्याद्याच्या चालीत फक्त घर लिहितात. बाकीच्यांचं नाव आधी आणि घर नंतर. मारलं तर मध्ये × अशी खूण (प्याद्याने मारलं तर आधी त्याच्या उभ्या रांगेचं नाव), शह दिला तर शेवटी +. प्रत्येक ओळीत आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची. पांढऱ्याच्या जागी … असेल तर पुढची चाल काळ्याची.

पहिल्या तीन चाली

१. ई४ — ई५
२. घोडा एफ३ — घोडा सी६
३. उंट सी४ — घोडा डी४

पांढऱ्याचं पहिलं प्यादं पटाचा मध्य धरतं. घोडा बाहेर येता येताच ई५ च्या काळ्या प्याद्यावर डोळा ठेवतो. काळा आपला घोडा सी६ वर आणून ते प्यादं राखतो. पांढऱ्याचा उंट सी४ वरून तिरका एफ७ कडे बघतो. हे एफ७ घर नीट लक्षात ठेवा. डावाच्या सुरुवातीला तिथल्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो. पांढऱ्याच्या बाजूला एफ२ ची अवस्था तशीच असते.

आता काळ्याची तिसरी चाल पाहा. सी६ वरचा घोडा पुन्हा हलला आणि डी४ वर जाऊन बसला. सुरुवातीलाच एक मोहरा दोनदा हलवू नये, हा नियम त्याने मोडला. शिवाय ई५ च्या प्याद्याचा राखणदारच उठून गेला, म्हणजे प्यादं मोफत.

निदान पांढऱ्याला तसं दिसतं. नवखा खेळाडू इथे मनात म्हणतो, समोरच्याचं लक्ष नाही. आणि तो प्यादं मारतो.

आमिष गिळल्यावर

४. घोडा × ई५ — वजीर जी५

काळ्याचा वजीर डी८ वरून तिरका जी५ वर येतो. राजासमोरचं प्यादं पहिल्याच चालीत हलल्यामुळे ती तिरकी वाट मोकळीच होती. या एका चालीत वजिराने दोन जागी धाक घातला. पाचव्या आडव्या रांगेत सरळ पाहिलं तर ई५ वरचा घोडा, आणि जी रांगेत खाली पाहिलं तर जी२ वरचं प्यादं. जी२ मारलं की पुढचा निशाणा एच१ वरचा हत्ती.

इथे दोन मिनिटं थांबा आणि पट पांढऱ्याच्या बाजूने पाहा. ई५ वरचा घोडा धोक्यात आहे, त्याला कुठेतरी हलवायलाच हवं. मग एफ७ वर उडी का मारू नये? तिथे एक प्यादं मिळतं, उंटाचा सी४ वरून आधार आहे त्यामुळे राजा घोड्याला मारू शकत नाही, आणि एफ७ वरून घोडा एकाच वेळी जी५ वरच्या वजिराला आणि एच८ वरच्या हत्तीला लागतो. नवख्या खेळाडूला यापेक्षा सुंदर चाल दिसणं अवघड. आमिष खरं तर इथे आहे. ई५ चं प्यादं ही फक्त पाटी होती.

५. घोडा × एफ७ — वजीर × जी२

वजीर फोर्कमधून, म्हणजे घोड्याच्या त्या दुहेरी हल्ल्यातून, निसटला, आणि निसटताना प्यादं मारून, वर एच१ च्या हत्तीवर हल्ला करून निसटला. पांढरा हत्ती वाचवायला बघतो. हत्तीला सुरक्षित घर एकच आहे, एफ१.

६. हत्ती एफ१ — वजीर × ई४+

शह. वजीर ई४ वरून ई रांगेत खाली ई१ वरच्या राजाकडे बघतोय. पांढऱ्या राजाभोवतीची घरं मोजा: डी१ वर वजीर, एफ१ वर आत्ताच आणलेला हत्ती, डी२ आणि एफ२ वर प्यादी. रिकामं घर एकच, ई२. तिथे काळा घोडा डी४ वरून पहारा देतोय, शिवाय ते वजिराच्या शहाच्या रेषेत आहे. म्हणजे राजा हलू शकत नाही. मध्ये काहीतरी घालायचं, तर उंट किंवा वजीर, दोनच पर्याय. वजीर ई२ वर घातला तर घोडा सरळ वजीर मारतो. म्हणून पांढरा उंट परत बोलावतो.

७. उंट ई२ — घोडा एफ३. मात.

ही मात नीट पाहा. घोडा एफ३ वरून ई१ वर शह देतो. त्याला मारायला ई२ चा उंट जागेवर आहे. एफ३ त्याच्या तिरक्या वाटेत, एकाच घरावर आहे. पण उंट हलला तर ई४ चा वजीर थेट राजावर येतो, म्हणून तो हलूच शकत नाही. याला पिन, म्हणजे खिळणं, म्हणतात, आणि राजाला लागलेली पिन सर्वात कडक. एफ३ वर मारायला जी२ चं प्यादंही उपयोगी पडलं असतं, पण ते वजिराने सहाव्या चालीआधीच खाल्लं. राजाभोवतीचं प्रत्येक घर त्याच्याच माणसांनी भरलेलं. घोड्याने अशी कोंडून दिलेली मात म्हणजे स्मदर्ड मेट.

मला या डावातली सर्वात देखणी गोष्ट ही वाटते की काळ्याची एकही चाल वाया गेलेली नाही. जी२ मारल्यामुळे एफ३ चा राखणदार गेला, ई४ मारल्यामुळे उंट खिळला, आणि घोडा तिसऱ्या चालीपासून तिथेच वाट बघत उभा होता.

सहाव्या चालीला पांढरा हत्ती सोडून देतो तेव्हा

काही जण हत्ती वाचवत नाहीत, उलट समोरचा हत्ती मारतात. हा फाटाही काळ्याला माहीत हवा, नाहीतर ऐनवेळी गडबड होते.

६. घोडा × एच८ — वजीर × एच१+
७. उंट एफ१ — वजीर × ई४+
८. उंट ई२

सातव्या चालीत पांढऱ्याला उंट एफ१ शिवाय दुसरं काही नव्हतं, कारण ई२ वर घोड्याचा पहारा आहे. आता आठव्या चालीला काळ्याने काय खेळावं? सवयीने घोडा एफ३ वर नेऊ नका. हत्ती मेल्यामुळे एफ१ घर रिकामं आहे, राजा तिकडे सटकतो. उत्तर वाचण्याआधी स्वतः शोधा.

८. … घोडा × सी२+
९. राजा एफ१ — वजीर एच१. मात.

घोडा सी२ वर गेल्याने राजाला ई१ वर परतायची वाट बंद झाली. वजीर ई४ वरून तिरका एच१ वर जातो, कारण जी२ चं प्यादं आता नाही. पांढऱ्याने नवव्या चालीला राजा हलवण्याऐवजी वजिराने सी२ वरचा घोडा मारला तर? ई४ चा वजीर त्या वजिराला मारतो. तिथेही डाव संपल्यातच जमा.

न फसणारा प्रतिस्पर्धी

इथून पुढचा भाग वरच्या मात देणाऱ्या डावापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. कोणताही सापळा शिकताना एकच प्रश्न विचारायचा: समोरचा फसला नाही तर माझं काय होईल? शिलिंग गॅम्बिटचं उत्तर फारसं आनंदाचं नाही.

सर्वात साधं आणि सर्वात चांगलं उत्तर चौथ्या चालीतच आहे.

४. घोडा × डी४ — ई × डी४
५. कॅसलिंग (राजा जी१ वर, हत्ती एफ१ वर)

घोड्याला घोडा गेला. आता दोन्ही बाजूंची माणसं मोजा. पांढऱ्याचा उंट बाहेर, राजा सुरक्षित, मध्यात प्यादं, हत्ती ई रांगेत यायला तयार. काळ्याचं बाहेर काय? डी४ वरचं एक प्यादं, आणि त्याच्याच मागे डी७ वर दुसरं. एकाच रांगेत एकापाठी एक. एकही मोहरा विकसित नाही. दोन चाली घोड्यावर खर्च झाल्या आणि तो घोडा पटावर उरलाच नाही. पांढरा पुढे सी३ खेळून डी४ च्या प्याद्याला डिवचणार, डी३ खेळून दुसरा उंट मोकळा करणार. काळा हरलेला नाही, पण पुढचा सगळा वेळ मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यात जाणार.

आणि आता या उलटलेल्या डावातला एक सापळा, जो मला मूळ सापळ्याइतकाच आवडतो. डी४ चं प्यादं राखायला काळ्याला सहजच सुचणारी चाल म्हणजे उंट सी५. दिसायला निर्दोष. पण:

५. … उंट सी५
६. उंट × एफ७+ — राजा × एफ७
७. वजीर एच५+

वजीर एच५ वरून तिरका राजाला शह देतो, आणि त्याच वेळी पाचव्या आडव्या रांगेत थेट सी५ वरच्या उंटावर येतो. मधलं ई५ चं प्यादं केव्हाच डी४ वर गेलंय, त्यामुळे वाट साफ आहे. काळ्याने जी६ खेळून वजिराला हाकललं तर वजीर सी५ चा उंट घेऊन जातो. हिशेब काय झाला? उंटाला उंट, वर एक प्यादं, आणि काळ्याचा राजा कॅसलिंगचा हक्क गमावून उघड्यावर. ज्याने सापळा लावला तोच सापडला.

म्हणून काळ्याने खेळताना डोक्यात पक्कं ठेवावं: चौथ्या चालीला घोड्याची अदलाबदल झाली की चमत्काराची आशा सोडायची. डी६, घोडा एफ६, उंट ई७ आणि कॅसलिंग, एवढं शांतपणे करायचं. थोडी दबलेली पण खेळता येण्यासारखी स्थिती मिळते.

चौथ्या चालीला पांढऱ्याकडे याखेरीज इतरही चांगल्या चाली आहेत. ४. कॅसलिंग केलं तर राजा जी१ वरून जी२ राखतो, त्यामुळे वजिराच्या स्वारीतला अर्धा जोर जातो आणि ई५ चं प्यादं आता खरोखर धोक्यात येतं. ४. सी३ खेळून घोड्यालाच प्रश्न विचारता येतो. घोड्याने एफ३ वर मारून शह दिला की पांढरा वजिराने परत मारतो, आणि तो वजीर सी४ च्या उंटासोबत एफ७ वर एका चालीत मात द्यायला उभा राहतो. काळ्याने ते पाहिलं नाही तर डाव तिथेच खलास. मी शिकवताना नवख्यांना ४. घोडा × डी४ हीच चाल सांगतो. कारण त्यात लक्षात ठेवायचं काहीच नाही, आणि मिळणारा फायदा पटावर दिसतो.

प्यादं मारून बसलात तर

समजा तुम्ही पांढरे आहात, मोह आवरला नाही, ई५ मारलं आणि काळ्याचा वजीर जी५ वर आला. डाव अजून गेलेला नाही. घोड्याने एफ७ मारायचं नाही. उंटाने मारायचं.

५. उंट × एफ७+

फरक केवढा आहे बघा. घोड्याने मारलं तर काळ्याला चाल मोकळी मिळते आणि तो जी२ खातो. उंटाने मारलं तर शह आहे, राजाला आधी उत्तर द्यावंच लागतं. राजा उंटाला मारू शकत नाही, कारण ई५ वरचा घोडा एफ७ राखतोय. त्याला ई७ वर किंवा डी८ वर जावं लागतं. दोन्हीकडे गेला तरी कॅसलिंग कायमचं गेलं.

५. … राजा ई७
६. कॅसलिंग — वजीर × ई५
७. उंट × जी८ — हत्ती × जी८
८. सी३ — घोडा सी६
९. डी४

पांढऱ्याने कॅसलिंग करून जी२ सांभाळलं आणि घोडा जाऊ दिला. वजिराने ई५ वरचा घोडा घेतल्यावर एफ७ चा उंट उघडा पडतो, राजा त्याला खाणार म्हणून उंट जाता जाता जी८ चा घोडा घेतो. हिशेबात पांढरा एक मोहरा मागे आहे, बदल्यात दोन प्यादी मिळाली. पण पट पाहा: डी४ आणि ई४ वर पांढऱ्या प्याद्यांची जोडी, काळ्याचा वजीर पुन्हा हल्ल्याखाली, आणि काळा राजा ई७ वर आपल्याच उंटाची वाट अडवून उभा. काळ्याने रागात ई४ चं प्यादं वजिराने खाल्लं तर १०. हत्ती ई१, आणि वजीर राजाच्या रेषेत खिळला. सुटका नाही, वजीर हत्तीच्या मोलाने जातो.

अशा स्थितीत पांढऱ्याने खेळायला घाबरू नये. नवख्या पातळीवर तर उघडा राजा सांभाळणं हे एक मोहरा कमी असण्यापेक्षा अवघड असतं.

कुठे खेळावा, कुठे नाही

तीन किंवा पाच मिनिटांच्या ब्लिट्झ डावात, मित्रासोबत दुपारच्या वेळी, शाळेच्या कट्ट्यावर हा सापळा खुशाल लावा. वेळ कमी असला की समोरचा फुकटचं प्यादं बघून विचार करत नाही. पण एकाच माणसावर दुसऱ्यांदा लावू नका. एकदा मात खाल्ल्यावर तो घरी जाऊन उत्तर शोधून आलेला असतो.

लांब पल्ल्याच्या स्पर्धेत हा सापळा मी कुणालाच सुचवणार नाही. तिथे समोरच्याकडे अर्धा-अर्धा तास असतो, आणि फुकटच्या प्याद्याकडे तो संशयाने बघतो. तुम्ही मात्र तिसऱ्या चालीपासून मागे पडता आणि पुढचे तीन तास ते भोगता. त्यापेक्षा ३. … उंट सी५ किंवा ३. … घोडा एफ६ या सरळ चाली शिका. इटालियन ओपनिंगमधल्या त्या खऱ्या वाटा आहेत आणि आयुष्यभर पुरतात.

वागण्याबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. घोडा डी४ वर ठेवल्यावर कपाळावर हात मारून "अरे, प्यादं गेलं" असं नाटक करणारे मी पाहिलेत. तसं करू नका. स्पर्धेच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करायला मनाई आहे, आणि घरच्या डावातही तो खोटेपणाच आहे. सापळा चालींचा असावा, चेहऱ्याचा नाही. स्पर्धेत टच-मूव्हचाही नियम लागू असतो. ज्या मोहऱ्याला हात लावला तो हलवावाच लागतो. त्यामुळे पांढरे असाल तर ई५ च्या प्याद्याकडे पाहून हात पुढे जाण्याआधी वजीर कुठे येऊ शकतो ते बघा. एफ३ वरच्या घोड्याला हात लागला तरी एक वाट उरते. त्याच घोड्याने डी४ चा घोडा मारायचा.

सराव कसा करावा

मुख्य सात चाली आधी काळ्याच्या बाजूने हाताने खेळा, प्रत्येक चालीला तोंडाने कारण सांगत. कारण सांगता आलं नाही ती चाल पाठ झालेली असते, समजलेली नसते. मग पट फिरवा आणि पांढऱ्याकडून ४. घोडा × डी४ चा फाटा खेळा, सी५ वरच्या उंटाच्या शिक्षेसकट. शेवटी कुणाला तरी समोर बसवा, त्याला काही न सांगता सापळा लावा, आणि तो जे खेळेल त्याला उत्तर द्या. फसला तर मात दाखवा. नाही फसला तर तो डाव शेवटपर्यंत खेळा. मागे पडलेली बाजू सांभाळण्याचं शिक्षण तिथेच मिळतं.

घरात लहान मूल शिकत असेल तर मात झालेल्या शेवटच्या स्थितीत पट तसाच ठेवून त्याला विचारा: ई२ च्या उंटाने घोडा का मारायचा नाही? मुलं उंट उचलून मारतातच. मग वजीर राजापर्यंत पोचतो हे त्यांच्याच बोटाने रेषेवर फिरवून दाखवा. पिन ही कल्पना अशी एकदा कळली की नंतर ती कुठेही ओळखता येते.

याच्या पुढे शिकायचा पक्का सापळा

कच्चा सापळा आणि पक्का सापळा यांतला फरक कळण्यासाठी लेगालची मात जोडीला मांडून बघा. लेगाल हा अठराव्या शतकातला पॅरिसचा खेळाडू, त्या काळच्या नामांकित फिलिडोर या खेळाडूचा गुरू.

१. ई४ — ई५
२. घोडा एफ३ — डी६
३. उंट सी४ — उंट जी४
४. घोडा सी३ — जी६
५. घोडा × ई५ — उंट × डी१
६. उंट × एफ७+ — राजा ई७
७. घोडा डी५. मात.

पांढऱ्याने चक्क वजीर दिला आणि दोन घोडे व एका उंटाने मात केली. पण पाचव्या चालीला काळा वजीर मारायला गेलाच नाही, त्याने डी६ च्या प्याद्याने ई५ चा घोडा मारला, तर? पांढरा वजिराने जी४ चा उंट घेतो आणि एक प्यादं वर राहतो. समोरचा फसला नाही तरी पांढऱ्याचं काहीच गेलं नाही, उलट थोडं मिळालंच. शिलिंग गॅम्बिटमध्ये नेमकं हेच नाही.

लेगालच्या सापळ्यातही एक गोष्ट तपासूनच हात घाला. काळ्याचा घोडा सी६ वर आला असेल तर ५. घोडा × ई५ खेळू नका. तो घोडा ई५ वर मारतो, तिथून जी४ चा उंट राखतो, वर तुमच्या सी४ च्या उंटावरही हल्ला करतो, आणि तुमचा एक मोहरा सरळ कमी होतो.